दक्षिणी वेष, हिंदुस्थानी हात

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात महाराज बाड्याला लागून सराफा बाजार आहे. जुन्या हवेल्यांचे कोरीव दगडी झरोके वर, सोन्याचांदीची दुकाने खाली. दुकानांच्या पाट्या हिंदीत, घासाघीस हिंदीत. पण आसपासच्या वस्त्यांची नावे कानावर पडली की साताऱ्या-पुण्याचा माणूस थबकतो: पाटणकर बाजार, फालका बाजार, शितोळे साहेबांचा बाडा, महाडिकांची गोठ, निंबाळकरांची गोठ. सरदारांच्या सैन्याचा गोट जिथे पडला, तिथेच पुढे मोहल्ला वसला आणि नाव टिकून राहिले. सराफ्याजवळच टोपी बाजार आहे. डोक्यावरच्या वस्त्राला स्वतंत्र बाजार असावा, इतके महत्त्व या शहरात पोशाखाला होते.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसांविषयी आपल्याकडे एक समज आहे. दीडदोनशे वर्षांपूर्वी पूर्वज उत्तरेत गेले, दक्षिणेतला वेष गाठोड्यात बांधून नेला आणि पिढ्यान्‌पिढ्या जपला, असे आपण धरून चालतो. घटनांचा क्रम लावून पाहिला तर चित्र वेगळे दिसते. ग्वाल्हेरचा मराठी वेष मोठ्या प्रमाणात ग्वाल्हेरीच होता. चंदेरीच्या विणकरांनी, लष्करच्या सराफांनी आणि उत्तरेच्या दरबारी रीतीने तो घडवला. दक्षिणेचे होते ते घाट, नेसण आणि आग्रह. हा वेष कसा घडला, कशासाठी टिकला आणि कधी विरला, हे पाहण्यासारखे आहे.

सुरुवात पुण्यापासून करावी लागते. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचे शिंदे पेशव्यांच्या फौजेतून माळव्यात गेले. पानिपतावरून जखमी होऊन परतलेल्या महादजींनी १७८३ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला पुन्हा घेतला, १७८४-८५ मध्ये दिल्लीच्या बादशहाचा कारभार हाती घेतला आणि १७९२ च्या जूनमध्ये बादशाही फर्मान व खिलत घेऊन ते पुण्याला आले. खिलत म्हणजे बादशहाने दिलेला मानाचा पोशाख. पेशवे सवाई माधवरावांनी तो अंगावर घालावा की नाही, यावरून पुण्यात मोठी कुरबुर झाली. नाना फडणविसांना हा प्रकार रुचला नव्हता. छत्रपतींच्या पंतप्रधानाने मोगली वस्त्रे आणि मोगली किताब का घ्यावा, असा मानकऱ्यांचा प्रश्न होता. समारंभ तरीही थाटात झाला. महादजी त्या भेटीत हत्तीवरून उतरून सर्व मानकऱ्यांच्या खाली बसले आणि बगलेतून जोडे काढून ते पेशव्यांच्या पायापाशी ठेवले, ही हकीगत ग्रँट डफने दिली आहे.

एकाच माणसाने एकाच मुक्कामात दोन खुणा मिरवल्या. बादशहाचा नायब म्हणून मोगली वस्त्रे त्याच्याच हातून आली आणि पाटील म्हणून पेशव्यांचे जोडेही त्यानेच उचलले. याला नम्रतेचे नाटक म्हणणारे पुष्कळ आहेत. मला त्यात दोन जगांत पाय रोवून उभ्या असलेल्या माणसाची निकड दिसते. दिल्लीत मराठा म्हणून वजन हवे, तर पुण्यात दिल्लीचे वजन दाखवावे लागे. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्यात वानवडीला वारले. पुढच्या पिढीला पुण्यात परतायचेच नव्हते.

दौलतराव शिंद्यांच्या काळात हे परतणे कायमचे थांबले. १८०३ मध्ये असई आणि लासवारीच्या लढायांत शिंद्यांच्या कवायती फौजा मोडल्या. डिसेंबरात सुर्जी-अंजनगावचा तह झाला आणि दिल्ली-आग्रा हातचे गेले. त्यानंतर काही वर्षे शिंद्यांचे राज्य जणू तंबूतच होते. १८०९ मध्ये ही छावणी राजपुतान्यात फिरत असताना थॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी रेसिडेंटाच्या रक्षकदलाबरोबर तिच्यात राहिला. त्याची पत्रे १८१३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. छावणी उठून नव्या जागी कशी बसे, हे त्याने बारकाईने लिहिले आहे. बिनीवाले काही तास आधी निघत. जागा ठरली की महाराजांच्या तंबूंसाठी एक छोटे पांढरे निशाण रोवीत. मग एकेका बाजाराचे निशाण येई आणि प्रत्येक बाजार आपल्या ठरलेल्याच जागी बसे. दुकानांच्या दोन समांतर रांगा लागत आणि सैन्याच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत काही मैलांचा एकच लांब रस्ता तयार होई. त्याच्या साधारण मध्यावर महाराजांची देवडी.

१८१०च्या सुमारास ही छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि तिचेच लष्कर नावाचे शहर झाले. तंबूंच्या जागी गोरखी वाडा उभा राहिला, बाजारांची निशाणे गेली आणि दगडी दुकाने आली. पण आपापल्या जागी बसलेले बाजार आणि आपापल्या गोटात राहिलेले सरदार ही रचना बरीचशी तशीच राहिली. पैशाचा व्यवहार करणारे लोक या छावणीबरोबर आधीपासून होते. दौलतरावांचा खजिनदार गोकुळ पारीख हा गुजराती. १८१४ मध्ये मथुरेचे द्वारकाधीश मंदिर त्यानेच बांधले. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई या कागलच्या घाटग्यांची लेक. त्यांचीही सावकारी जबरदस्त होती. शिंद्यांचे राज्य मराठी, त्याचा पैसा गुजराती, मारवाडी आणि जैन पेढ्यांतून फिरणारा आणि फौजेतला मोठा भाग हिंदुस्थानी, असे हे नवे शहर होते. मराठी माणसे त्यात मूठभरच: सरदार, पागेचे स्वार, ब्राह्मण कारकून, पुजारी, आचारी आणि त्यांची कुटुंबे. आसपासचे लोक त्यांना दक्षिणी म्हणत.

संख्येने थोडे असलेल्या राज्यकर्त्यांना आपण कोण हे सतत दाखवावे लागते. तंजावरच्या मराठ्यांनाही तेच करावे लागले. वस्त्र आणि दागिना ही त्याची सर्वांत सोपी आणि सर्वांत लांबून दिसणारी साधने. तरी लष्करच्या या पहिल्या पिढ्यांचा वेष शुद्ध दक्षिणी होता असे मानू नये. ब्रॉटनने लिहून ठेवले आहे की ब्राह्मण सोडले तर छावणीतले मराठा सरदार मोहरमात आपल्या तंबूपाशी ताबूत बसवत आणि त्यावर मोठा खर्च करीत. महादजींची बीडच्या मन्सूरशहांवर श्रद्धा होती आणि तो भक्तिभाव शिंद्यांच्या घराण्यात पुढेही चालला. सराफ्याजवळच्या एका चौकाला आजही ‘गश्त का ताजिया’ म्हणतात. जिथे सण असे मिसळले, तिथे कपडे मिसळल्यावाचून राहणार नव्हते.

त्या मिसळणीचा सर्वांत चांगला पुरावा एका बाईने लिहून ठेवला आहे. दौलतराव १८२७ मध्ये वारले. बायजाबाईंनी जनकोजीला दत्तक घेऊन काही वर्षे कारभार केला आणि १८३३ मध्ये त्यांना ग्वाल्हेर सोडावे लागले. त्या परागंदा असताना १८३५ मध्ये फतेहगडला फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई त्यांना भेटायला गेली. तिचे प्रवासवर्णन १८५० मध्ये प्रसिद्ध झाले. राजकारणाचा इतिहास लिहिणारे ते चाळून पुढे जातात. पोशाखाचा इतिहास लिहिणाऱ्याने त्यावर थांबावे असा तो मजकूर आहे.

पार्क्सला भरतकाम केलेल्या गादीवर बसलेल्या बायजाबाई दिसल्या. पायाशी शिंद्यांची तलवार ठेवलेली. केस पिकलेले, हातपाय लहान आणि सुबक, हसणे गोड. विधवा असल्यामुळे अंगावर अगदी साधे तांबडे रेशमी वस्त्र आणि हातात सोन्याच्या दोन साध्या कांबींसारख्या बांगड्या, बाकी दागिना नाही. शेजारी त्यांची तरुण नात बसली होती. पार्क्स तिला गजराजासाहेब म्हणते. नातीच्या अंगावर जांभळे बनारसी रेशीम, काठ सोन्याच्या तारेचे आणि रुंद. कपाळावर भाल्याच्या टोकाच्या आकाराचे तांबडे कुंकू. वेणी घालून मानेवर खाली बांधलेला अंबाडा. डोळ्यांत सुरमा, हातापायांना मेंदी. पायांत चांदीचे दागिने आणि बोटांत वेगळ्याच घडणीची जोडवी. गळ्यापासून कमरेपर्यंत मोत्यांचे सर. आणि नाकात हिरे, मोती आणि रत्नांची मोठी नथ. ती मराठ्यांत घालतात त्या खास आकाराची होती, हे पार्क्स मुद्दाम नोंदवते.

हे वर्णन हळू वाचावे. रेशीम बनारसचे. सुरमा उत्तरेच्या जनान्यातला. मेंदीचा शौकही उत्तरेत अधिक. नेसण मात्र कासोट्याची, अंबाडा दक्षिणी, कुंकू दक्षिणी आणि नथ तर अशी की परक्या बाईलाही ती मराठ्यांची म्हणून ओळखू यावी. ही मुलगी दख्खनची राहिली नव्हती आणि हिंदुस्थानची झाली नव्हती, असे म्हणायचा मोह होतो. मला तसे वाटत नाही. ती दोन्हीकडची होती आणि कोणती वस्तू कुठली घ्यायची हे तिच्या घराने ठरवले होते. उत्तरेत जे उत्तम मिळते ते घ्यायचे, पण आपण कोण हे सांगणारी खूण चेहऱ्यावर आणि नेसणीत ठेवायची.

नेसणीचा उपयोगही होता. पार्क्सने मराठा बायकांच्या पोशाखाचे दोनच कपडे सांगितले आहेत: कोपरापर्यंत घट्ट बाह्यांची चोळी आणि लांबच लांब वस्त्र. हे वस्त्र गुंडाळून पायांमधून मागे खोचले की परकर आणि विजार या दोन्हींचे काम होते, असे तिचे निरीक्षण आहे. या बायका घोड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसत. इंग्रज बायका एका बाजूला पाय घेऊन कशा बसतात हे तिने दाखवल्यावर त्या हसल्या. मग पार्क्स स्वतःच मराठा पद्धतीने घोड्यावर बसली आणि इंग्लंडात ही चाल बदलणाऱ्या एलिझाबेथ राणीचा तिला रागच आला. छावणीत जन्मलेल्या या समाजात कासोटा टिकला, याचे एक कारण हे घोड्यावर बसणेही आहे. सवय उपयोगाची असेल तर ती अभिमानापेक्षा चिवट असते.

पुरुषांचे वेगळे होते. सरदारांच्या अंगावर अंगरखा आणि चुडीदार विजार आली, पुढे अचकन आली. हा उत्तरेच्या दरबारांचा सर्वसामान्य पोशाख होता. जयपूरचा किंवा लखनौचा दरबारी त्यांच्या शेजारी उभा केला तर खांद्याखाली फारसा फरक दिसला नसता. फरक डोक्यावर होता. शिंदेशाही पगडी ही पुणेरीहून वेगळी, होळकरीहूनही वेगळी. पागोटे रोज नव्याने बांधायचे असते. पगडी कापडाच्या पिळांची आधीच बांधून तयार ठेवायची असते, त्यासाठी पगडबंदाचा हात लागतो. डोक्यावरून माणसाचे संस्थान ओळखू यावे, हा या वेगळेपणाचा हेतू होता. पेशव्यांची सत्ता १८१८ मध्ये गेल्यावर पुण्याची पगडी एका शहराची खूण झाली. शिंदेशाही पगडीमागे मात्र राज्य शिल्लक होते.

या सगळ्याला कापड आणि सोने पुरवणारे हात कोणाचे होते? चंदेरी १८११च्या सुमारास शिंद्यांच्या सेनापतीने, ज्याँ बॅप्तिस्त फिलोजने, बुंदेल्यांकडून घेतली. १८४४ नंतर काही वर्षे ती इंग्रजांच्या हाती राहिली आणि १८६०-६१ मध्ये परत ग्वाल्हेरकडे आली. तिथले विणकर मुसलमान जुलाहे आणि कोळी समाजाचे. त्यांची मलमल शतकानुशतके नावाजलेली होती. पगड्या, साफे आणि ओढण्यांचे कापड तिथून दूरवर जात असे. मराठी घराणी आल्यावर या मागांना नवे गिऱ्हाईक मिळाले. त्याला नऊवार हवे होते, पदर जरीचा हवा होता, काठ ठसठशीत हवे होते. ग्वाल्हेरबरोबर इंदूर, बडोदा, कोल्हापूर आणि नागपूर इथल्या राजघराण्यांतही चंदेरी पोचली. जुन्या मागावर दोन विणकर शेजारी बसून धोटा एकमेकांकडे टाकीत. अशर्फी बुटीसारखी नक्षी लहान कांड्यांनी हाताने भरली जाई. दोन्ही बाजूंनी वेगळा रंग दिसणाऱ्या काठाची दोचश्मी साडी ही त्यांच्या कसबाची कमाल होती. म्हणजे पुण्यातली एखादी बाई ज्याला अस्सल मराठी लुगडे म्हणून हात लावत होती, ते बुंदेलखंडात मराठी न बोलणाऱ्या माणसाने विणलेले असे. लग्नातला आपला शालूही बनारसचाच.

सराफ्याचा न्याय तोच. लष्कर वसल्यावर दर ठुशीसाठी, चिंचपेटीसाठी, पाटल्यांसाठी पुण्याला माणूस धाडणे शक्य नव्हते. घाट दक्षिणेचा सांगायचा आणि काम इथे करून घ्यायचे, हाच मार्ग उरतो. मराठी घरांतल्या दागिन्यांबरोबर करधनी, टीका आणि पायल याच दुकानांतून आल्या, असे मानायला पूर्ण जागा आहे. शेजारच्या दुकानात जे दिसते ते लेकीबाळींना हवेसे वाटतेच.

सराफ्याच्या इतिहासात १८५८चा जून मात्र दागिन्यांपेक्षा रक्ताने लक्षात राहिला. १ जूनला तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीची राणी यांच्या फौजा ग्वाल्हेरवर आल्या. ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे यांचे सैन्य त्यांना मिळाले आणि जयाजीराव आग्र्याला गेले. ३ जूनला फुलबागेत रावसाहेबांनी पेशवाईचा दरबार भरवला. राज्य हाती येऊन दोन दिवस झालेले, इंग्रज फौज मागावर. तरी मानाची वस्त्रे देण्याघेण्याचा विधी टळला नाही. सैन्याचा पगार शिंद्यांच्या गंगाजळी खजिन्यातून वाटला गेला. खजिनदार अमरचंद बांठिया मूळचे बिकानेरकडचे. बंडवाल्यांना खजिना उघडून दिल्याबद्दल २२ जून १८५८ रोजी त्यांना याच सराफा बाजारात कडुलिंबाच्या झाडाला फाशी दिले, असे ग्वाल्हेर सांगते. त्या झाडाखाली आज त्यांचा पुतळा आहे. पेशव्याच्या नावाने लढणाऱ्या फौजेसाठी मारवाडी जैन खजिनदाराने जीव दिला. ग्वाल्हेरात मराठी राज्य म्हणजे केवळ मराठी माणसांचे राज्य राहिले नव्हते, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

झाशीची राणी या युद्धात पडली ती सवाराच्या पुरुषी वेषात. तिच्या पोशाखाची अधिक सविस्तर हकीगत वरसईच्या विष्णुभट गोडश्यांनी दिली आहे. हे भटजी कोकणातून निघाले तेच मुळी बायजाबाई मथुरेला मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा मिळणार हे ऐकून. ते वाटेत बंडात सापडले आणि झाशीत राहिले. त्यांचे ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापून आले. राणी कधी पायजमा, अंगरखा, टोपीवर पागोटे आणि कमरेला तलवार अशा वेषात दिसे, तर कधी पांढरे पातळ, पांढरी चोळी आणि मोजके दागिने अशा वेषात. वैधव्यामुळे नथ नव्हती. दोन्ही वेष तिचेच होते आणि कोणता कधी घालायचा हे तिचे तीच ठरवी.

बंड मोडल्यावर जयाजीराव परत आले आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षे ग्वाल्हेर दरबाराचा पोशाख ठरीव होत गेला. १८७४ मध्ये जयविलास महाल बांधून झाला. त्याचा वास्तुकार मायकेल फिलोज, चंदेरी घेणाऱ्या फिलोजच्याच घराण्यातला. महाल युरोपी, आत बसणारे सरदार शिंदेशाही पगडीतले. माधवराव शिंद्यांना (१८७६–१९२५) लष्करी गणवेशाची आवड होती आणि रेल्वे, शाळा, कारखाने यांची तळमळ होती. १९१० मध्ये चंदेरीला विणकामाचे शिक्षण देणारे केंद्र दरबारने काढले. हाताने कातलेले बारीक सूत मागे पडून गिरणीचे सूत आले होते. त्या धक्क्यात हुन्नर टिकवण्याची ही धडपड होती. पुढे १९३०च्या दशकात ताण्याला रेशीम आले आणि आज आपण ओळखतो ती झुळझुळीत चंदेरी तयार झाली.

या काळात मराठी घराला दोन पेट्या लागत. एक दरबाराची, दसऱ्याची, लग्नाची. तिच्यात पगडी, शेला, जरीचे नऊवार, नथ. दुसरी रोजची, तिच्यात कोट, टोपी, साधे लुगडे, पुढे सहावारी. बोलीचेही तसेच झाले. घरात हिंदीमिश्रित मराठी, बाजारात हिंदी, दप्तरात मोडी, फारसी-उर्दू आणि इंग्रजी. चंदेरीजवळच्या मुंगावलीत जन्मलेले भास्कर रामचंद्र तांबे ग्वाल्हेरचे राजकवी झाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींकडे ख्याल शिकले आणि तो महाराष्ट्रात घेऊन आले. आपण ज्याला मराठी संगीताची परंपरा म्हणतो, तिचे एक मोठे मूळ लष्करच्या गल्ल्यांत आहे. साडीसारखीच तीही उत्तरेत कमावून दक्षिणेत आणलेली.

घराण्यात बाहेरून येणाऱ्या सुनांनाही हा वेष आपलासा करावा लागला. नेपाळच्या राणा घराण्याशी आईकडून नाते असलेली, सागरला वाढलेली लेखा दिव्येश्वरी १९४१ च्या फेब्रुवारीत ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीराव यांची पत्नी झाली आणि विजयाराजे झाली. मराठा नसलेली महाराणी सरदारांना सहज मान्य झाली नाही. त्या मराठी शिकल्या आणि घराण्याच्या रीती त्यांनी उचलल्या.

इथे थोडे लांब पाहू. ग्वाल्हेरात ही दोन पेट्यांची रीत चालू असताना, १९४३ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर मेक्सिकन वंशाच्या तरुणांना अमेरिकन नौसैनिकांनी गाठून मारले आणि त्यांचे कपडे फाडले. ढगळ विजार आणि गुडघ्यापर्यंतचा रुंद खांद्यांचा कोट, म्हणजे झूट सूट, ही त्या मुलांची खूण होती. आईवडील मेक्सिकोतून आलेले, मुले अमेरिकेत वाढलेली. तो पोशाख ना आईवडिलांच्या गावचा, ना गोऱ्या शेजाऱ्यांचा. नव्या जागी वाढलेल्या पिढीने स्वतःसाठी काढलेला तिसराच वेष होता तो, आणि ती मुले दुबळी होती म्हणून त्यांना मार खावा लागला. ग्वाल्हेरच्या दक्षिणी माणसानेही तिसराच वेष काढला होता, पण त्याच्या हाती राज्य होते. म्हणून त्याच्या पगडीला मुजरा मिळाला. वेष टिकतो की टिकत नाही हे त्याच्या सौंदर्यावर ठरत नाही. तो घालणाऱ्याची समाजात काय जागा आहे, यावर ठरते. ग्वाल्हेरात याची प्रचिती लवकरच आली.

२८ मे १९४८ रोजी मध्य भारत संघ स्थापन झाला, जिवाजीराव राजप्रमुख झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश होऊन राजधानी भोपाळला गेली. दरबार गेला तशी दरबारी पोशाखाची गरज गेली. जहागिरी संपल्या, नोकऱ्या भोपाळ, इंदूर, पुणे, मुंबईला गेल्या. मधल्या काळात शहरात दुसरेच कापड आले होते. बिर्लांची जियाजीराव कॉटन मिल १९२१ पासून चालू होती, आणि १९४७ मध्ये ग्वालियर रेयॉन ही कंपनी निघाली, जिच्या सूटिंगमुळे या शहराचे नाव देशभरच्या शिंप्यांच्या तोंडी गेले. ज्या शहराने पगडीचा एक घाट देशाला दिला, ते आता पँटच्या कापडाने ओळखले जाऊ लागले. मराठी तरुणांनी तीच पँट घातली. त्यात हिंदी शेजाऱ्यापासून वेगळे दिसण्याचे काही कारण नव्हते आणि ते वेगळे दिसू इच्छितही नव्हते.

१९६१ मध्ये ग्वाल्हेरला मराठी साहित्य संमेलन भरले. कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. राज्य गेल्यावर मराठीपणाचा भार वेषावरून उतरून ग्रंथांवर, नाटकांवर आणि गणेशोत्सवावर आला होता.

वेष उरला तो दसऱ्याला. शिंदे घराण्याचे प्रमुख गोरखीतल्या देवघरात जातात आणि संध्याकाळी मांढरे की माता मंदिराजवळ शमीपूजन होते. तिथे जुन्या सरदार घराण्यांचे वंशज पगडी घालून हजर असतात. बाकी शहरातल्या मराठी घरांत नऊवार लग्नामुंजीला निघते. चंदेरीचे मात्र बरे चालले आहे. २००५ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिचे गिऱ्हाईक आता सहावारी, दुपट्टे, कुर्त्यांचे आहे. नऊवार विणायला सांगणारे कमी झाले आहेत.

माझा निष्कर्ष असा की ग्वाल्हेरच्या मराठी वेषाला ‘जपलेला’ म्हणणे त्याच्यावर अन्याय आहे. जपलेली वस्तू बदलत नाही. हा वेष सव्वाशे वर्षे बदलत राहिला, बनारसचे रेशीम आणि अचकन सामावून घेत राहिला आणि चंदेरीच्या मागांना नवे काम देत राहिला. त्यात मुसलमान जुलाह्याचा, जैन सराफाचा, हिंदुस्थानी शिंप्याचा आणि पगडबंदाचा वाटा मराठी घराच्या वाट्याइतकाच आहे. हा वाटा आपल्या पुस्तकांत नोंदला गेलेला नाही.

तो नोंदण्याची साधने अजून घरांत आहेत. ज्यांचे आजोळ किंवा माहेर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले आहे, त्यांनी आजीच्या ट्रंकेतले नऊवार मोडून त्याचे पडदे किंवा कुर्ते करण्याआधी काठ, पदर आणि आतली खूण यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. जुन्या फोटोंच्या मागे माणसाचे नाव, साल आणि अंगावरची वस्तू कुठून घेतली हे आजच लिहावे. सांगणारी माणसे नव्वदीत आहेत. सराफ्यातल्या जुन्या पेढ्यांकडे वह्या असतील, पगडबंदांच्या घरी साचे असतील. भंगारात जाण्याआधी ते विचारून पाहावेत आणि एखाद्या संग्रहालयाकडे द्यावेत.